न्हाणीतला पांढरा थर: ॲसिडची बाटली न आणता कसा काढायचा?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं, वाचकांसाठी)

मी बचत गटाची समन्वयक. गटाच्या बैठकीत हप्ते, कर्ज, वही असं सगळं झालं की शेवटी चहा होतो, आणि खऱ्या गप्पा तिथं सुरू होतात. मागच्या दोन-तीन महिन्यांत वेगवेगळ्या गावांत मला एकच प्रश्न आला. "ताई, न्हाणीतल्या टाइल्सवर पांढरा थर बसलाय, घासून घासून हात गेले, निघत नाही. काय करावं?" आज त्याच्यावरच बोलते.

आधी माझीच गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी महालक्ष्म्यांचा सण होता. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे महालक्ष्म्या म्हणजे घरभर पाहुणे. आदल्या दिवशी मी न्हाणी घासायला घेतली. दुकानातून ॲसिडची बाटली आणली होती, ती भिंतीवर ओतली. थर थोडा गेला, पण पूर्ण नाही. मग मला वाटलं, घरात टीसीएल पावडर आहे, तीही टाकावी, म्हणजे दुप्पट स्वच्छ होईल. वास घरात जाऊ नये म्हणून दार लावून घेतलं. दोन मिनिटांत डोळ्यांतून पाणी, घशात आग, खोकला थांबेना, श्वास आत घेता येईना. कडी काढायलाही हात लागेना. सासूबाईंनी माझा खोकला ऐकला, दार ढकलून मला अंगणात ओढून आणलं. त्या दिवशी त्या घरात नसत्या, तर मी आज तुमच्याशी बोलत नसते.

मी बी.ए. झालेली, सायन्सची नाही. पण त्यानंतर मी हे समजून घेतलं, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका मॅडमना विचारलं. जे कळलं ते दरवर्षी सणाच्या आधी मी प्रत्येक गटात सांगते. आज रेडिओवर सांगते.

हा थर म्हणजे नेमकं काय?

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. हा थर म्हणजे मळ नाही. तुम्ही आळशी आहात म्हणून तो बसलेला नाही. तो पाणी आणि साबण यांच्या भेटीतून तयार होतो.

आपल्या लातूर-नांदेडकडे बहुतेक गावांत वापराचं पाणी बोअरचं, नाहीतर हापशाचं. खाली बहुतेक सगळा काळा पाषाण. पावसाचं पाणी त्या खडकाच्या भेगांतून वर्षानुवर्षं मुरत खाली जातं आणि जाताना खडकातला चुना आणि मॅग्नेशियम विरघळवून सोबत घेतं. हेच आपलं जड पाणी. डाळ शिजत नाही, केसांचा चिकटा जात नाही, साबणाला फेस येत नाही, ते याच पाण्यामुळे.

२०१६ चा उन्हाळा आठवतो ना? मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा टाक्यांमध्ये मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. तसे दुष्काळ आले की आपण बोअर आणखी खोल नेतो. खोलवरचं पाणी खडकात जास्त काळ राहिलेलं असतं, त्यामुळे बहुतेक वेळा ते जास्त जड असतं. म्हणजे न्हाणीतल्या त्या पांढऱ्या थराचा संबंध थेट आपल्या दुष्काळाशीही आहे.

आता साबणाचं बघू. साबण तेल किंवा चरबीपासून बनतो. हलक्या पाण्यात, म्हणजे पावसाच्या पाण्यात, तो विरघळतो आणि फेस करतो. जड पाण्यात मात्र साबण आधी पाण्यातल्या चुन्याला जाऊन चिकटतो. दोघं मिळून एक नवाच पदार्थ तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही. बकेटीत वर तरंगणारी पांढरट साय तुम्ही बघितली असेल, तोच हा पदार्थ. तो भिंतीवर उडतो, पाणी सुकतं, तो तिथंच राहतो. उद्या त्याच्यावर दुसरा पापुद्रा. महिनाभरात खरखरीत थर.

बंबाच्या आत आणि हीटरच्या रॉडवर बसतात ते खवले साबणाचे नसतात. पाणी तापलं की त्यातला चुना वेगळा होऊन बसतो, ते हे. न्हाणीत बहुतेक वेळा हे दोन्ही मिसळलेले असतात, चुना आणि साबणाचा चिकटा.

यात साबणही वाया जातो. हिशोब सांगते. पाण्याचा जडपणा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम असेल, तर ते एक लिटर पाणी फेस येण्याआधीच सुमारे ३ ग्रॅम साबण खाऊन टाकतं. म्हणजे दोन बकेटी पाण्यात शंभर ग्रॅमची वडी जाते आणि फेस येत नाही. अंघोळीला आपण सगळ्या पाण्यात साबण कालवत नाही, म्हणून एवढा जात नाही. पण साबणाच्या पाण्यात कपडे भिजवणारीला हे बरोबर कळतं.

गावातलं पाणी किती जड आहे ते बघता येतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं आहे, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं आणि त्यासाठी किट द्यायचं असं ठरलेलं आहे. त्या किटमध्ये जडपणाची तपासणी असते. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. त्या बहुतेक आपल्याच गटातल्या निघतील.

घरच्या घरी बघायचं तर सोपं आहे. झाकणाची रिकामी बाटली घ्या, अर्धी भरून बोअरचं पाणी, त्यात अंघोळीच्या साबणाची नखाएवढी किसलेली चिमूट टाका आणि जोरात हलवा. दुसऱ्या बाटलीत पावसाचं पाणी घेऊन तसंच करा. एकीत फेस, दुसरीत दुधट पाणी आणि पांढरे कण. घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवा. सून नीट घासत नाही असं जे म्हणतात, त्यांना तर आवर्जून दाखवा.

घासून का निघत नाही?

हा थर पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाणी ओतून उपयोग नाही. साबणानं घासलं तर आणखी थर, कारण साबण हाच त्याचा अर्धा भाग. तारेच्या घासणीनं घासलं तर टाइलची चकाकी जाते, बारीक ओरखडे पडतात आणि पुढचा थर त्या ओरखड्यांत आणखी घट्ट बसतो.

चुना कशानं जातो? आंबटानं. हे आपल्याला नवीन नाही. तांब्याचा हंडा काळा पडला की आपण चिंच लावतो. आंबट पदार्थ हंड्यावरचा काळा थर सोडवतो. न्हाणीतही तसंच. आंबट पदार्थ चुन्याला साबणापासून सोडवतो. मग मागे उरतो तो तेलकट चिकटा, आणि तो भांडी घासायच्या लिक्विडनं जातो. म्हणून दोन्ही लागतात, आंबट आणि लिक्विड. नुसत्या आंबटानं चिकटा राहतो, नुसत्या लिक्विडनं चुना राहतो.

आंबट कोणतं? लिंबू चालतं, पण भिंतभर लिंबं कुठून आणायची? चिंचेचा डाग टाइलच्या सांध्यांत बसतो, ती हंड्यासाठीच ठेवा. ताक फार सौम्य. सगळ्यात सोयीचं म्हणजे लिंबूफूल. किराणा दुकानात मिळतं, काही जण लिंबूसत्व म्हणतात, पुडीवर सायट्रिक ॲसिड असं लिहिलेलं असतं. पांढरं व्हिनेगर मिळालं तर तेही चालतं, निम्मं व्हिनेगर आणि निम्मं पाणी. हीसुद्धा आम्लंच आहेत, पण बाटलीतल्या ॲसिडच्या मानानं खूप सौम्य.

कृती

लिहून घ्या, किंवा लेकीला लिहायला सांगा.

पहिलं, न्हाणीतले टूथब्रश, मग, कपडे बाहेर काढा. दार, खिडकी उघडी. पायात चप्पल, हातात रबरी मोजे. मोजे नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या बांधा. हाताला चिरा असतील तर लिंबूफूलही झोंबतं.

दुसरं, एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूफूल विरघळवा. त्यात एक छोटा चमचा भांड्यांचं लिक्विड टाका. भांडं प्लास्टिकचं घ्या, ॲल्युमिनियमचं नको.

तिसरं, जुन्या सुती कापडानं हे पाणी भिंतीवर लावा, खालून वर. थर जाड असेल तिथं ओलं कापड तसंच चिकटवून ठेवा, म्हणजे पाणी ओघळून जाणार नाही आणि सुकणार नाही. नळ असेल तर त्याला कापड गुंडाळा.

चौथं, १५ ते २० मिनिटं थांबा. हे थांबणंच महत्त्वाचं. आपण लावलं की लगेच घासायला घेतो आणि म्हणतो, काही उपयोग नाही. तेवढ्यात भाजी निवडून घ्या.

पाचवं, प्लास्टिकच्या ब्रशनं किंवा काथ्यानं हलक्या हातानं घासा. मग भरपूर पाण्यानं धुवा आणि कापडानं पुसून कोरडं करा. कोरडं झाल्यावर कळतं किती गेलं.

थर दोन वर्षांचा असेल तर एका दिवसात जाणार नाही. चार दिवसांनी पुन्हा करा, मग पुन्हा. पण रात्रभर लावून ठेवू नका, टाइलच्या सांध्यांतलं सिमेंट आंबटानं झिजतं.

प्लास्टिकची बकेट आणि मग आतून पांढरे झाले असतील तर त्यात हेच पाणी भरून तासभर ठेवा. हीटरचा रॉड स्वच्छ करायचा असेल तर आधी प्लग काढा, रॉड पूर्ण थंड होऊ द्या, मग फक्त खालचा भाग अर्धा तास बुडवा आणि धुवून घ्या. खवले बसलेला रॉड पाणी उशिरा तापवतो, वीज तेवढी जास्त जाते.

मोबाईलवर एक उपाय फिरतो, खायचा सोडा आणि लिंबू एकत्र करायचं. फेस खूप येतो, बघायला छान वाटतं. पण सोडा आणि आंबट एकमेकांना मारून टाकतात. फेस गेला की उरतं जवळपास साधं पाणी. दोन्ही वस्तू वाया.

शहाबादी फरशी असेल तर थांबा

आपल्याकडे कितीतरी घरांत न्हाणीला आणि अंगणाला शहाबादी फरशी असते. ती शेजारच्या कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादवरून नाव पडलेली फरशी, आणि ती स्वतःच चुनखडीचा दगड आहे. आंबट पदार्थ थरातला चुना खातो तसा फरशीचाही खातो. फरशी खडबडीत होते, पांढरट डाग पडतात, ते परत जात नाहीत. ॲसिड ओतल्यावर फरशीवर फसफस होते, ती बघून काही जणी म्हणतात, बघा मळ निघतोय. मळ नाही बाई, फरशी निघते आहे.

कडप्पा, कोटा, संगमरवर आणि मोझॅक टाइल्स यांनाही हेच लागू. ओळखायचं कसं? कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी लिंबूफुलाच्या पाण्याचा एक थेंब टाका आणि जवळून बघा. बारीक बुडबुडे आले किंवा तो ठिपका फिका पडला, तर तिथं आंबट वापरू नका. लगेच पाण्यानं धुवा.

अशा फरशीला गरम पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि थोडा धुण्याचा सोडा, हातात मोजे घालून. अर्धा तास भिजवा, ब्रशनं घासा, जाड चिकटा प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा. वेळ लागतो, पण फरशी टिकते.

हे कधीही करू नका

आता सगळ्यात महत्त्वाचं. न्हाणी-संडासासाठी जे ॲसिड मिळतं त्यात बहुतेक हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. या दोन्ही वस्तू एकत्र आल्या की क्लोरीन वायू निघतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो, बंद न्हाणीत खाली साचतो. घसा, डोळे, फुप्फुसं जाळतो. माझ्या बाबतीत हेच झालं होतं.

फक्त बाटलीतलं ॲसिडच नाही, लिंबूफूल आणि व्हिनेगरही ब्लीचिंगबरोबर मिसळायचं नाही. आंबट कोणतंही असो, ब्लीचिंगशी गाठ घालायची नाही. दोन्ही एकाच दिवशी वापरायचे नाहीत.

चुकून असं झालं तर घासणं, धुणं, सामान आवरणं, सगळं सोडा आणि आधी उघड्या हवेत या. आत कुणी अडकलं असेल तर दार उघडा, नाकाला ओला पदर लावून पटकन बाहेर काढा, आत थांबू नका. डोळ्यांत गेलं तर स्वच्छ पाण्यानं किमान १५ मिनिटं धुवत राहा. श्वास लागत असेल तर १०८ ला फोन करा. थोड्या वेळानं बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा, कारण काही वेळा श्वासाचा त्रास काही तासांनी वाढतो. लेकरानं ॲसिड प्यायलं तर उलटी करायला लावू नका, लगेच दवाखान्यात न्या.

आणि एक विनंती. ॲसिड कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नका. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं ॲसिडच्या विक्रीवर बंधनं घातली, घेणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, वहीत नोंद करायची. ॲसिड हल्ल्यांमुळे हे झालं. अशी वस्तू आपण स्वयंपाकघराच्या फळीवर पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवतो, याचा विचार करा. लिंबूफूलसुद्धा साखरेसारखं दिसतं, त्याची बरणी वेगळी ठेवा आणि वर चिठ्ठी लावा.

थर बसूच नये म्हणून

पाणी सुकतं तिथं थर बसतो. म्हणून शेवटी अंघोळ करणाऱ्यानं भिंतीवर साधं पाणी मारायचं आणि वायपर फिरवायचा. एक मिनिटाचं काम. शेवटी अंघोळ करणाऱ्यानं म्हटलं मी, शेवटी अंघोळ करणारीनं नाही. आमच्या घरी हे काम आता माझ्या मुलाकडे आहे.

साबणाची डबी भोकाची घ्या, वडी पाण्यात भिजत राहायला नको. आठवड्यातून एकदा एक चमचा लिंबूफूल लिटरभर पाण्यात घेऊन टाइल्स पुसून घ्या, मग मोठी घासाघीस लागत नाही.

पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी धरा. ३०० चौरस फुटांच्या पत्र्यावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे ७०० लिटर पाणी पडतं. पहिला पाऊस पत्रा धुवायला सोडून द्या, पुढचं पाणी टाकीत घ्या. अंघोळीला, केसांना, धुण्याला त्याच्यासारखं पाणी नाही, आणि त्यानं थर बसत नाही. आपल्या आज्या शिकेकाई, रिठा वापरायच्या. त्यांचा फेस चुन्याशी असा चिकटत नाही, त्यामुळे त्यांच्या न्हाणीत साबणाचा थर नव्हता. पाणी तेव्हाही जडच होतं.

गटासाठी एक सूचना. लिंबूफूल सुट्या पुड्यांपेक्षा किलोनं स्वस्त पडतं. पुढच्या बैठकीत विषय घ्या, सगळ्या मिळून आणा आणि वाटून घ्या. वाटताना प्रत्येक पुडीवर लिहा: ब्लीचिंगमध्ये मिसळू नये, शहाबादी फरशीवर वापरू नये. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तोंडी सांगा आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या.

शेवटचं बोलते. एका गावात बैठकीला गेले होते. नवीन लग्न होऊन आलेली एक मुलगी कोपऱ्यात बसली होती, बोटांची सालं निघालेली. विचारलं तर म्हणाली, पाहुणे येणार म्हणून रोज ॲसिडनं न्हाणी घासते, सासरचे म्हणतात माहेरी काही शिकवलं नाही. मी तिच्या सासूबाईंसमोरच त्या दोन बाटल्या हलवून दाखवल्या. फेस कुठं आला आणि कुठं नाही ते त्यांनी बघितलं, आणि त्याच म्हणाल्या, "मग पोरीला उगंच बोललो की आपण."

सण येतील, पाहुणे येतील. भिंतीवर थोडा पांढरा डाग राहिला तर राहू द्या. त्यापायी कुणाचा हात भाजायला नको, कुणाचा श्वास कोंडायला नको. घरी गेल्यावर आधी बघा, ॲसिडची बाटली आणि टीसीएलचा डबा एकाच फळीवर आहेत का. असतील तर आजच वेगळे करा.

भेटू पुढच्या वेळी. तोपर्यंत सगळ्यांना नमस्कार.